किळस ही नीती आहे काय?

गेल्या पौषात नगर जिल्ह्यातील एका स्नेह्यांच्या मळ्यात हुरड्याच्या निमित्ताने आम्ही पंचवीस-तीस मंडळी जमलो होतो. बांधाशी आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसे भाजून, चोळून, गूळ, दही आणि लसणाची चटणी ह्यांच्या संगतीने ती फस्त होत होती. हे दरवर्षीचेच. यंदा मात्र आगटीपासून वीस पावलांवर दुसराही एक विस्तव होता. स्नेह्यांचे चिरंजीव काही वर्षे अमेरिकेत राहून परतले आहेत. त्यांनी एक लोखंडी पिंप उभे चिरून त्यावर जाळी बसविली होती, आणि पहाटेपासून ते डुकराच्या खांद्याचे मांस धुरावर शिजवीत होते. ‘कार्नितास’ असे त्या पदार्थाचे नाव.

त्याचे माहेर मेक्सिकोतील मिचोआकान प्रांत. तेथे तो तांब्याच्या भल्या मोठ्या कढईत डुकराच्याच चरबीत शिजवितात. धुराची जोड चिरंजिवांनी अमेरिकनांकडून उचललेली. खांद्याचे मांस मूळचे चिवट. त्यातील स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू मंद आचेवर तासन्तास राहिले म्हणजे विरघळतात, आणि मग नुसत्या बोटांनी मांसाचे धागे सुटतात. घाई केली तर तेच वाळल्या चामड्यासारखे होते. मीठ, जिरे, लसूण आणि संत्र्याचा रस एवढेच त्याला लावले होते. शेवटी तुकडे करून त्याच्याच सुटलेल्या चरबीत ते खरपूस परतावयाचे.

विस्तव राखण्याचे काम मळ्यावरील एका वृद्ध गड्याकडे होते. चिरंजिवांनी एक ओंडका टाकताच तो म्हणाला, “धाकलं मालक, वलं लाकूड नगा घालू. धूर कडू व्हतो, मांसाला लागतो.” वाळल्या बाभळीचे निखारे कडेला सारून मांस मधोमध ठेवावे, खाली सरळ आच लागू देऊ नये, हेही त्यानेच दाखविले. हे ज्ञान कोठले, असे विचारता तो हसला. त्याच्या वस्तीवर पिढ्यान्पिढ्या डुकरे पाळीत आली आहेत.

दुपारी पिंपाभोवती गर्दी झाली. कोणी कृती लिहून घेतली, कोणी छायाचित्रे काढली. डुकराचे नाव काढताच ज्यांच्या घरी कानावर हात जात, त्यांनीही ‘चवीपुरता’ म्हणून एकेक तुकडा बाजरीच्या भाकरीवर घेतला. आम्हीही घेतला, आणि उत्तम लागला म्हणून दुसरा मागितला. तो दुसरा तुकडा तोंडात असतानाच आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली.

१९७२ च्या दुष्काळात ह्याच जिल्ह्यात खडी फोडण्याच्या एका कामावर आम्ही हजेरी मांडावयास जात असू. एके दुपारी दगड फोडणाऱ्या एका गृहस्थाने आम्हांस आपल्या पालात जेवावयास बोलाविले. त्या दिवसांत एखाद्याला जेवावयास बोलाविणे म्हणजे काय, हे ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांस सांगावयास नको. चुलीवर डुकराचे मांस शिजत होते. आमच्या घरी मटण वर्ज्य नव्हते, तरीही आम्ही चटकन म्हणालो, “आज आमचा उपवास आहे.” त्याने वार विचारला नाही, देव विचारला नाही. फक्त गाडग्यावर झाकण ठेवले आणि आम्हांस पाणी विचारले. तेही आम्ही घेतले नाही.

आता प्रश्न असा की, त्या दिवशी आम्हांस किळस कशाची आली? मांसाची म्हणावी, तर पन्नास वर्षांनी तेच मांस आम्ही मागून खाल्ले. फरक एवढाच, की यंदा ते मेक्सिकोतून अमेरिकेमार्गे, इंग्रजी बोलणाऱ्या हातांनी आले होते. आणि पाण्यात तर मांस नव्हते.

ह्यावर आरोग्याचा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. उघड्यावरील घाणीवर वाढलेल्या डुकराचे कच्चे मांस पट्टकृमीचे घर असते. त्या कृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात. परंतु ही सावधगिरी असेल तर तिने जनावर कोठे वाढले, मांस किती शिजले, हे विचारावे. आम्ही त्या पालात ह्यांपैकी काही विचारले नव्हते, आणि मळ्यातही नाही.

कोणी वर्ज्य पाळू नये असे आमचे म्हणणे नाही. त्याच मंडळीत आमचे एक मुसलमान स्नेही होते. ते आगटीपाशी हुरडा खात बसले. “आम्हांला हे चालत नाही,” एवढेच त्यांनी सांगितले, आणि खाणाऱ्यांशी त्यांच्या गप्पा चालूच राहिल्या. त्यांचे वर्ज्य त्यांच्या स्वतःवर बंधन घालीत होते. आमच्या उपवासाने समोरच्या माणसाला लहान केले.

मांसावर खापर फोडण्याची आपली सवय किती खोटी, हे इतिहासानेच दाखविले आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांस मृत जनावराचे मांस सोडावयास सांगितले, आणि गावोगाव लोकांनी ते सोडले. तिरस्काराचे कारण मांस असते, तर कारणाबरोबर कार्यही जावयास हवे होते. ते गेले नाही. अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. ते ज्यांनी वाचले आहे त्यांस अधिक पुरावा नको. उलट लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे त्या त्यांच्याकडे परत आल्या, तरी सोवळे त्यांनी वेगळेच ठेवले होते. ते त्यांनी सोडले ते स्वतः विचार करून. आणि ‘स्मृतिचित्रे’त आपल्या त्या सोवळ्याला हसण्याइतके मोठे मनही त्यांच्याजवळ होते. आम्ही विचार केला नाही. आम्ही केवळ फॅशन बदलण्याची वाट पाहिली. (ज्या मिरचीवाचून आमच्या ताटास चव नाही, तीही त्याच मेक्सिकोकडची, फिरंग्यांच्या गलबतांतून आलेली. तिला कोणी सोवळ्यात अडविल्याचे ऐकिवात नाही.)

पंगत उठत आली तेव्हा आम्ही त्या गड्यास शोधले. पत्रावळीवर आपला वाटा घेऊन तो विहिरीच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून बसला होता. तेथे जाऊन बस असे त्यास कोणी सांगितले नव्हते. इकडे ये असेही कोणी म्हटले नव्हते. आम्ही उठून गेलो आणि म्हटले, “बाबा, तिकडे चला, सोबत जेवू.”

तो घाईने उभा राहिला. पत्रावळीवर हात आडवा धरून म्हणाला, “तुमी घ्या खाऊन, सायेब. माझं काय, मी हितंच बरा हाय.”