जुन्या वाहनाचे प्रामाण्य

लासलगावच्या कांदाबाजारात किंवा नारायणगावच्या टोमॅटोच्या आवारात हंगामाच्या दिवसांत वाहनांची जी लांबलचक रांग लागते, तीत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या पिकअप गाड्या पुष्कळ दिसतात. नव्या गाडीचे हप्ते ज्याला पेलत नाहीत, आणि आपला नाशवंत माल भाड्याच्या गाडीवाल्याच्या मर्जीवर सोडणेही ज्याला परवडत नाही, असा बागाईतदार सोसायटीचे कर्ज, घरातले सोने आणि मेव्हण्याची उसनवारी असे सगळे गोळा करून बारा-पंधरा वर्षांची बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 दारात आणतो. आणि त्या दिवसापासून त्याच्या कुटुंबाचा योगक्षेम त्याने स्वतः कधी न पाहिलेल्या काही लोखंडी अवयवांवर अवलंबून राहतो. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा तो कोणत्या आधारावर, हा आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न त्याच्यापुढे सौद्याच्या रूपाने उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्याला विसार देण्यापूर्वी शोधावे लागते.

या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद प्रसिद्ध आहे. मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचे खरेपण, स्वयंसिद्ध असते. ज्ञान झाले की ते खरे मानूनच माणूस चालतो, आणि पुढे बाधक ज्ञान झाले किंवा ज्ञानाच्या कारणात काही दोष आढळला, तरच ते सोडून देतो. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञान झाले एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. त्यास अनुसरून प्रवृत्ती करावी, ती सफल झाली म्हणजे मगच प्रामाण्याचा निश्चय करावा, असे त्यांचे म्हणणे. पाणी दिसले म्हणून ते पाणी नव्हे, त्याने तहान भागली तर ते पाणी. कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेल्या गाडीच्या बाबतीत मीमांसकाची वृत्ती योग्य आहे, कारण तेथे शंकेला कारण दाखविण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर असते. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र शंका हीच स्वाभाविक स्थिती होय, आणि तेथे न्यायदर्शनाचा आश्रय केल्यावाचून गत्यंतर नाही.

एखादा जाणता मिस्त्री जुनी पिकअप कशी पाहतो, हे ज्याने लक्षपूर्वक न्याहाळले असेल त्याला हा न्याय निराळा शिकविण्याची आवश्यकता नाही. तो रंगाकडे पाहत नाही. प्रथम बॉनेटवर तळहात ठेवतो; ते गरम लागले तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे आणि थंड इंजिन सकाळी किती कुरकुरते ते आपल्यापासून लपविले जात आहे, हे तो ओळखतो. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकण्याच्या तोंडाचे झाकण काढतो आणि ते त्याच तोंडावर उलटे ठेवतो. झाकण स्थिर राहिले तर ठीक; ते थडथडू लागले आणि खालून धुराचे लोट येऊ लागले, तर रिंगा झिजल्या आहेत, सिलिंडरमधला दाब खाली उतरतो आहे, किंवा त्याच्या भाषेत सांगायचे तर इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते आहे. सायलेन्सरचा धूर काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळसर असेल तर ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का, हेही तो पाहून घेतो, कारण हेड गॅस्केट गेल्याची ती खूण असते.

यानंतर तो गाडीखाली शिरतो, आणि खरी कैफियत तेथेच लिहिलेली असते. या जातीची गाडी सव्वा टनाच्या आसपास भार वाहण्यासाठी बनविलेली असते. तिच्यावर दोन-अडीच टन माल घालून घाट चढविणे ही मात्र आपल्याकडची नित्याची गोष्ट आहे. त्या अतिभाराची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, ती होते लोखंडात. मागचे पाटे चपटे पडलेले किंवा एखादे पान तुटलेले असते. पाट्यांचे ब्रॅकेट जेथे चासीला जोडलेले असतात तेथे तडा जाऊन वेल्डिंग केलेले आणि त्यावर ताजा काळा रंग फासलेला असतो. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस ढिले झालेले असतात. आणि वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच मागून हुंकारासारखा जो आवाज येतो तो क्राउन-पिनियनची झीज सांगतो. क्लच सरकणे, गिअर उसळून बाहेर येणे, ब्रेक पुरेसे न धरणे हे दोष बहुधा त्या अतिभाराचीच संतती होत. कोकणात मासळी वाहिलेल्या गाडीची कथा वेगळी. तेथे बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे ठिबकून चासीच आतून खाल्लेली असते, आणि इंजिन कितीही उत्तम असले तरी त्या गाडीत जीव उरलेला नसतो. म्हणून गाडीचे वय वर्षांवरून किंवा मीटरच्या आकड्यावरून मोजणे मला फसवे वाटते. मीटर मागे फिरविता येते, पण वाहिलेले ओझे मागे घेता येत नाही.

येथे एक जुना प्रश्न सहज आठवतो. चाके, आस, दांडी हे सगळे वेगळे केल्यावर रथ कोठे राहतो, असे बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते. आणि ज्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि हौदा तिन्ही बदललेले आहेत ती तीच गाडी काय, असे आज कोणी विचारू शकेल. तो प्रश्न गहन आहे, पण आपल्या बागाईतदाराचा तो नव्हे. ती तीच आहे की दुसरी, यापेक्षा ती उद्या घाट चढेल की नाही, हे त्याला हवे आहे.

आता मीमांसकाचा आक्षेप असा की, एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्या ज्ञानावर अवलंबून ठेवले तर त्या दुसऱ्यासाठी तिसरे लागेल आणि अनवस्था ओढवेल. मिस्त्रीने गाडी तपासली, पण मिस्त्रीला कोणी तपासले? इंजिन खोलून पाहिल्यावाचून बेअरिंगांची स्थिती कळत नाही आणि विकणारा इंजिन खोलू देत नाही. यावर नैयायिकांचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. ऐहिक व्यवहारात पूर्ण निश्चय झाल्यावाचून हालचाल करू नये, असा त्यांचा आग्रह नाही. शेतकरी पिकाची खात्री नसताही पेरतो आणि ते त्याचे अविचारी कृत्य ठरत नाही. परीक्षा कोठे तरी संपते, आणि तिच्यापुढचा प्रांत शब्दप्रमाणाचा, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्याचा असतो.

परंतु कोणाच्या? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताची, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे अशा माणसाची, जी लक्षणे दिली आहेत ती तीन: विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्राविषयी दया, आणि वस्तू जशी आहे तशी सांगण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही ते स्पष्ट सांगतात. म्हणजे हमरस्त्याच्या कडेला टपरी टाकून बसलेला, अक्षरशत्रू असलेला मिस्त्रीही आप्त होऊ शकतो. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करतानाही नैयायिकांनी हीच वाट धरली. आयुर्वेदाचा गुण प्रत्यक्ष येतो, तो सांगणारा आप्त ठरतो, म्हणून त्याच आप्ताने सांगितलेला अदृष्ट भागही मानावा, असा तो युक्तिवाद आहे. वेदांच्या बाबतीत तो मान्य करावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण गाडीच्या सौद्यात तो मला सर्वथा ग्राह्य वाटतो. ज्या विकणाऱ्याने आपण होऊन ‘दुसरा गिअर उसळतो, आणि चासीला डावीकडे वेल्डिंग केलेले आहे’ असे सांगितले आणि ते तपासात खरे निघाले, त्याच्या इंजिनाविषयीच्या शब्दाला वजन येते. ‘घ्या डोळे झाकून, एक रुपयाचे काम नाही’ असे म्हणणाऱ्याच्या शब्दाला मुळीच येत नाही. जुन्या यंत्राची विश्वसनीयता एका मर्यादेनंतर यंत्राचा गुण राहतच नाही, ती माणसाचा गुण होते, असे माझे मत आहे.

परीक्षा कोठे तरी संपते, याची स्मृतिकारांना जाण होती. घेतलेली वस्तू पारखण्याच्या मुदती याज्ञवल्क्यस्मृतीत दिल्या आहेत: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, बियाण्याला दहा. पिकअप लोखंडाची असली तरी तिला ओझ्याच्या जनावराचीच मुदत दिली पाहिजे, कारण तिचे दोष उभी असताना नव्हे, भार घातल्यावर बाहेर येतात. आपला 1872 चा करार कायदा मात्र येथे थोडा कोरडा आहे. त्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण आहे: घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा मौन राहिला, तर ती फसवणूक नव्हे, मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर ते नाते त्याला बोलण्यास बांधून घेते. कायद्याची ही मर्यादा समजण्याजोगी असली तरी धर्माची मर्यादा तेथे थांबू नये. मौन राहणाऱ्या त्या विक्रेत्यापाशी आप्ताचे पहिले लक्षण पूर्ण असते, दोष त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. उणीव असते ती उरलेल्या दोहोंची, आणि त्यांतही दयेची. मुलीला जे सांगितलेच पाहिजे ते परक्याच्या मुलापासून का लपवावे, याचे समर्थन मला कोणत्याही दर्शनात सापडत नाही. ब्रेक न धरणारी गाडी घाटात आपले-परके पाहत नाही.

त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे, आणि ते प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. घेणारा म्हणाला की, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. तेव्हा जुनी पिकअप घेणाऱ्याने हे वाक्य दोन साक्षीदारांसमक्ष उच्चारावे, आणि सौदापावतीवरही लिहून घ्यावे. विकणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, हे वाक्य ऐकण्याची वाट न पाहता, इंजिन, चासी, गिअर आणि ब्रेक यांचे जे दोष तुम्हांला ठाऊक आहेत ते त्याच पावतीवर किमतीच्या वरच्या ओळीत आपल्या हाताने लिहा आणि खाली सही करा.