विधवेचे तेल आणि आपल्या घरचा हिशेब

(शास्त्रपाठ : 2 राजे 4:1-7)

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील त्या विधवेची कथा आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळा वाचली जाते. परंतु बहुधा ती चमत्काराची कथा म्हणून वाचली जाते आणि तेवढ्यावरच सोडून दिली जाते. आज आम्ही ती कर्जाची कथा म्हणून आपणांपुढे ठेवतो. कारण तिचा आरंभ कर्जाने होतो आणि शेवट कर्ज फिटण्याने होतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ती स्त्री कोणा उधळ्याची बायको नव्हती. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी होता, देवाचे भय धरणारा होता. तरी तो कर्ज मागे ठेवून मेला. म्हणून कोणी कर्जात सापडला की तो पापीच असला पाहिजे, असे मंडळीने मानू नये. अलीशाने त्या बाईस दोष दिला नाही. उपदेशक व धर्मशिक्षक यांच्याही घरी हे दुःख येऊ शकते, आणि येते तेव्हा ते लाजेने झाकले जाते. झाकलेले कर्ज वाढते. सांगितलेल्या कर्जास वाट सापडते. ती विधवा संदेष्ट्याकडे गेली व तिने सर्व सांगितले, हीच तिच्या सुटकेची पहिली पायरी होय.

सावकार काय नेण्यास आला होता? भांडी नव्हे, गुरे नव्हेत. तिचे दोन मुलगे. ही गोष्ट जुन्या काळची म्हणून आपण निश्चिंत राहू नये. दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून किती तरी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या उसावर जातात. जोडप्यास तेथे एक कोयता म्हणून मोजतात. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामाच्या माथ्यावर चढते. आईबापांबरोबर लेकरेही फडावर जातात आणि त्यांची शाळा सुटते. कर्जापायी माणसास बांधून ठेवणे हा 1976 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, हे प्रत्येक मजुराने जाणावे. परंतु जे कर्ज कायद्याने मुलांस नेऊ शकत नाही, ते त्यांचे शिक्षण मात्र गुपचूप घेऊन जाते.

आता अलीशाने काय केले ते पाहा. त्याने पैसे काढून दिले नाहीत. घरात काय आहे, असे त्याने तिला विचारले. तिने सांगितले की थोडेसे तेल आहे, दुसरे काही नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी किती जण देऊ शकतील? महिन्यास घरात किती आले, किराण्यास किती गेले, तंबाखू व चहापाण्यास किती गेले, कोणाचे किती देणे आहे, हे कागदावर लिहिलेले किती घरी सापडेल? जो म्हणतो की आमच्यापाशी काहीच नाही, त्याने बहुधा मोजलेलेच नसते.

न मोजल्याने काय होते, ते आपल्या देशाच्या इतिहासात लिहिलेले आहे. इ. स. 1875 च्या मे महिन्याच्या 12 तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. वही सावकारापाशी होती. शेतकऱ्यापाशी नव्हती, आणि रोख्यात काय लिहिले आहे हे पुष्कळांस वाचताही येत नव्हते. पुढे 1879 साली झालेल्या कायद्यात रोख्यांची नोंदणी व दिलेल्या पैशाची पावती यांसाठी तरतुदी कराव्या लागल्या. यावरून आम्ही हे शिकतो की, दुसऱ्याची वही जाळून कोणी मोकळा होत नाही. आपली वही लिहू लागल्याने मोकळे होण्यास आरंभ होतो. आज आपल्या मुलामुलींस लिहिता येते. मग घरात दोन रुपयांची का होईना, पण जमाखर्चाची वही का नसावी?

पुढे अलीशाने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आणावयास सांगितले, आणि ती पुष्कळ आणावयास सांगितली. तेल कधी थांबले? भांडी संपली तेव्हा. देवाचे देणे थांबले नाही. घेण्यास पात्र उरले नाही. आम्हांस वाटते, ह्या कथेचा सर्वांत मोठा धडा हाच आहे. सुगीला पैसा येतो, मजुरीचा पैसा शनिवारी हातात पडतो. परंतु त्यासाठी भांडे आधी मांडलेले नसते, म्हणून तो जमिनीवर सांडतो व सोमवारपर्यंत आटून जातो. ह्यास्तव पैसा येण्यापूर्वी भांडी मांडा, आणि प्रत्येक भांड्यास नाव, रक्कम व तारीख द्या. पहिले भांडे प्रभूच्या दानाचे, दुसरे कर्जफेडीचे, तिसरे आजारपणाचे, चौथे बियाण्याचे, पाचवे शाळेचे. मुलीस पुढल्या जूनमध्ये वरच्या शाळेत घालावयाचे आहे व त्यास 6,000 रुपये लागतील असे ठरले, तर बारा महिने दरमहा 500 रुपये, हे त्या भांड्याचे माप झाले. पुढे पाहू, असे म्हणणे हे भांडे नव्हे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे आपल्या प्रभूनेही शिकविले आहे (लूक 14:28). आणि पौलाने करिंथ येथील मंडळीस सांगितले की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही वेगळे काढून ठेवावे (1 करिंथ 16:2). ते दान यरुशलेमच्या गरिबांसाठी होते. पण ती रीत प्रत्येक घरास उपयोगी आहे. खर्चून उरले तर ठेवू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. आधी ठेवणाऱ्याचे राहते.

मग विधवेने दार लावून घेतले व मुलांसह काम केले. घरचा हिशेब नवरा-बायको व मुले यांनी मिळून करावा. गावास दाखविण्यासाठी करू नये. लग्नात शेजाऱ्याने मंडप घातला म्हणून आपण कर्ज काढून त्याहून मोठा घालावा, हे दार उघडे ठेवून तेल ओतणे होय. साध्या लग्नास आलेला प्रभू काना येथील घरीही आला होता, हे विसरू नये.

शेवटी संदेष्ट्याने तिला क्रम सांगितला: तेल विकणे, देणे फेडणे, आणि उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करणे. आपण हा क्रम उलटा करतो; आधी खातो, मग उरले तर फेडतो. एक हिशेब पाहा. दरमहा शेकडा 3 व्याजाने 20,000 रुपये घेतले, तर महिन्यास 600 रुपये व्याज होते, म्हणजे वर्षास शेकडा 36. केवळ व्याजच देत राहिला, तर वीस महिन्यांत 12,000 रुपये जातात आणि मुद्दल 20,000 जसेच्या तसे उभे असते. परंतु दरमहा व्याजाबरोबर मुद्दलापैकी 1,000 रुपये दिले, तर व्याज महिन्यास 30 रुपयांनी उतरत जाते. वीस महिन्यांत एकंदर व्याज 6,300 रुपये होते व माणूस मोकळा होतो. प्रत्येक वेळी पावती मागून घ्यावी. परवान्यावाचून सावकारी करणे महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा सावकारीत बळकावलेल्या जमिनीविषयी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्यापासूनही सावध असावे. त्यामागे कोणती बँक वा रिझर्व्ह बँकेत नोंदलेली कंपनी आहे, हे विचारल्यावाचून अंगठा टेकू नये.

शिल्लक कोठे ठेवावी, हेही विचाराने ठरवावे. बँकेतील ठेवीस 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. पोस्टातील बचत सरकारची आहे. आणि ज्या भगिनींस एकटीने भांडे भरत नाही, त्यांनी बचत गटात बसावे. दहा ते वीस जणींच्या अशा गटांस बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने 1992 साली आरंभिले. गटाचे व्याज गटातच राहते. विधवेने शेजाऱ्यांची भांडी मागून आणली, त्याचेच हे आजचे रूप होय.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासनेहून परतल्यावर दार लावून घ्या, मुलांस जवळ बसवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: घरात काय आहे, कोणाचे किती देणे आहे, आणि वर्षाअखेर कोणते एक भांडे भरावयाचे आहे. धर्मशिक्षकांनी, ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्या घरी जाऊन, हे लिहून द्यावे; ही सेवा प्रार्थनेइतकीच पवित्र आहे. त्या विधवेपाशी थोडेसेच तेल होते. तेवढ्यावरून प्रभूने तिचे दोन्ही मुलगे तिच्या घरी राखिले. तो आपलीही लेकरे राखो.