पित्तप्रकृती आणि क्रोध

गृहस्थाश्रमात एक वाक्य वारंवार कानी येते : "ते मनाने वाईट नाहीत हो, त्यांची प्रकृतीच पित्ताची आहे." जेवणास थोडा विलंब झाला म्हणून ताट दूर सारले जाते, मुलाच्या क्षुल्लक चुकीवर घर दणाणते, आणि घटकाभराने सारे निवळल्यावर वडील मंडळी हे वाक्य उच्चारून प्रकरण मिटवितात. रागावणाऱ्याचे समाधान होते. ज्याने तो राग सोसला त्याला मात्र कोणी विचारीत नाही. ही सबब शास्त्राला मान्य आहे काय?

चरकसंहितेच्या विमानस्थानात पित्ताच्या एकेका गुणावरून देहाची लक्षणे सांगितली आहेत. उष्ण गुणामुळे उष्मा सोसत नाही, तहानभूक प्रबळ असते, अंगावर तीळ व वांग फार, केस लवकर पिकतात व गळतात. तीक्ष्ण गुणामुळे जठराग्नी प्रखर आणि पराक्रमही प्रखर, परंतु क्लेश सोसण्याची शक्ती थोडी. ही प्रकृती गर्भावस्थेतच ठरते व जन्मभर राहते. सुश्रुताने अशा मनुष्यास बुद्धिमान म्हटले आहे. तो लवकर रागावतो व लवकर प्रसन्न होतो, असेही नमूद केले आहे. येथपर्यंत सबब सांगणाऱ्यांची बाजू खरी आहे. पण वर्णन येथे संपत नाही. तोच सुश्रुत सांगतो की हा पुरुष भयाने कोणापुढे वाकत नाही, आणि जो नम्र होऊन आला त्याचे सांत्वन करण्यात त्याला गोडी असते. वाग्भटाने तर त्याला आश्रितांविषयी वत्सल म्हटले आहे. घरातील पत्नी, मुले आणि नोकर यांच्यावरच ज्याचे पित्त उसळते आणि कचेरीत वरिष्ठांपुढे मात्र शांत राहते, त्याने हे लक्षण अवश्य वाचावे.

याहून महत्त्वाचा भेद सूत्रस्थानात आहे. वात, पित्त, कफ हे शरीराचे दोष. मनाचे दोष रज आणि तम हे दोनच. त्याच स्थानाच्या सातव्या अध्यायात वेगांचा विचार येतो. भूक, तहान, निद्रा, अश्रू इत्यादी 13 वेग अडवू नयेत, अडविल्यास रोग होतात. याच्या उलट लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे वेग धारण करावेत, म्हणजे आवरावेत. भूक पहिल्या यादीत आहे आणि क्रोध दुसऱ्या. तेव्हा पित्तप्रकृतीच्या पुरुषाने वेळेवर अन्न मागणे रास्त. ताट सारणे त्यात मोडत नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी नेमका हाच 'वेग' शब्द योजिला आहे. काम आणि क्रोध यांपासून उठणारा वेग देह सुटण्यापूर्वी जो सोसू शकतो, त्यालाच ते योगी व सुखी म्हणतात. यावर तिसऱ्या अध्यायातील वचन पुढे केले जाते : प्राणिमात्र आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतात, तेथे निग्रह काय करणार? परंतु लगेच पुढच्याच श्लोकात रागद्वेषांच्या ताब्यात न जाण्याची आज्ञा आहे. अर्धे वचन घेऊन उरलेले सोडणे हे सोयीचे खरे, प्रामाणिक नव्हे. शिवाय क्रोधाचे मूळ सांगताना भगवंतांनी रजोगुणाचे नाव घेतले, पित्ताचे नाही.

म्हणून देहाकडे दुर्लक्ष करावे असे मात्र नाही. तिखट, आंबट, खारट, अतिउष्ण व जळजळ करणारे पदार्थ गीतेने सतराव्या अध्यायात राजस आहारात गणले. वैद्यही पित्तप्रकोपाची कारणे म्हणून बहुधा यांचीच नावे घेतात. शरद ऋतूत, जेव्हा पित्त स्वभावतःच खवळते, दूधतूप, मधुर व कडू रस, वेळेवर भोजन आणि उन्हापासून जपणे यांनी बराच उपशम मिळतो. मनासाठी चरकाने ज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही निराळीच औषधे सांगितली आहेत, आणि ती घरच्या दुसऱ्या कोणी घेऊन भागत नाही.

एक सूचना व्यवहाराची. पूर्वी शांत असलेल्या माणसाची चिडचिड अलीकडे वाढली, उष्मा सोसेना, घाम फार, छातीत धडधड, खाऊनही वजन उतरते, असे झाल्यास 'पित्त वाढले' म्हणून स्वस्थ बसू नये. थायरॉइड ग्रंथीच्या विकारात हीच लक्षणे दिसतात. रक्ताच्या तपासणीत तो विकार कळतो आणि त्यावर उपचारही आहेत.