बाकावर बसलेल्याचं काय?

लायक माणसाला संधी द्यावी, की संधी मिळाल्यानं माणूस लायक होतो? प्रश्न जुनाच आहे. मला तो नव्यानं भेटला एका ऑनलाइन खेळात.

'बझरबीटर' हा बास्केटबॉलचा संघ चालवायचा खेळ. यात चेंडूला हात लावायचा नसतो, मॅनेजर व्हायचं असतं. मॅच 48 मिनिटांची, जागा पाच. सुरुवातीला कोण उतरणार, बदली कोण, राखीव कोण, हे आपण ठरवून द्यायचं. मॅच आपोआप होते. माझा भाचा हे फार मन लावून करतो, आणि मी शेजारी बसून प्रश्न विचारते.

यातला एक नियम मला फार शहाणा वाटला. आठवड्याच्या सरावाचा फायदा बाकावर बसणाऱ्याला होत नाही. ज्या जागेसाठी सराव ठेवलाय, त्या जागेवर जो आठवड्यात 48 मिनिटं खेळेल, त्यालाच तो पुरा मिळतो. उलट, एकाच भरवशाच्या खेळाडूला प्रत्येक मॅचभर राबवलं, तर त्याचा फॉर्म घसरतो.

आता आपल्या घराकडे बघा. पुरणपोळी थोरलीच करणार, कारण तिची चांगली होते. धाकटीची होत नाही, कारण तिला कुणी करूच देत नाही. मंडळात भाषणही ठरलेलीच बाई करते. एक थकून जाते, दुसरी 'हिला जमत नाही' हा शिक्का घेऊन म्हातारी होते. आणि अन्याय झाला असं कुणाला वाटतही नाही, कारण पोळी तर चांगली झालेली असते!

कुणी म्हणेल, नवख्याला उतरवलं आणि हरलो तर? खरं आहे, ती हार सगळ्या संघाची. एकानं शिकावं आणि किंमत दुसऱ्यानं मोजावी, हाही न्याय नव्हे. पण उत्तर खेळातच आहे. लीगच्या मॅचशिवाय एखादी मैत्रीची मॅचही ठेवता येते, आणि तिथली मिनिटंही सरावात धरतात. हार परवडेल अशी जागा शोधणं, हे निवडणाऱ्याचं काम. सणाला नको, पण साध्या रविवारी धाकटीला पुरण घाटू द्या की!

आकड्यांचा खेळाडू बाकावर बसून रुसत नाही. नको झाला तर विकताही येतो. माणसाचं तसं नाही. म्हणून 'हिला जमतं का?' असं विचारण्याआधी विचारावं, 'हिला आजवर मिनिटं किती मिळाली?'