मुक्या जनावरांची फिर्याद

दहाव्या शतकात बसऱ्याच्या काही विचारवंतांनी ‘इख्वानुस्सफा’ या नावाने रिसाले लिहिले. त्यांतल्या एका रिसाल्यात जनावरे माणसाविरुद्ध फिर्याद घेऊन जिन्नांच्या बादशहाच्या दरबारात जातात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये त्याचा उर्दू तर्जुमा केला. जनावरे आमची गुलाम आहेत, असा माणसाचा दावा. हे तुम्हाला कुणी सांगितले, असा जनावरांचा सवाल. निकाल अखेर माणसाच्या बाजूने लागतो, पण तोवर भर दरबारात त्याची बरीच शोभा झालेली असते.

समजा, हीच फिर्याद आज आमच्या वाशीम जिल्ह्यात दाखल झाली तर? कागदावर जनावराची बाजू भक्कम आहे. जनावरांना क्रूरपणे वागवण्यास मनाई करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. त्याखालचे ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ चे. या नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे वाशीम-कारंजा-रिसोडच्या रस्त्यावर भर दुपारी दिसणारी प्रत्येक भरलेली बैलगाडी नियमभंग करत असते. गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे नको, असाही नियम आहे. एक वीट अडीच-तीन किलोची धरली तर सोळा ते वीस विटा. वीटभट्टीवर जाऊन कुणी मोजून पाहाव्यात! हा नियम वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्याखाली कुणावर कारवाई झाल्याचेही माझ्या कानावर आलेले नाही.

ज्या कायद्याची सर्वांना माहिती आहे तो दुसराच. राज्यात १९७६ च्या कायद्याने गायींच्या कत्तलीला बंदी होती. बैल निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर त्याची कत्तल करता येई. १९९५ ची दुरुस्ती वीस वर्षे राष्ट्रपतींच्या मंजुरीवाचून पडून होती. ती २०१५ मध्ये लागू झाली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दंड १०,००० रुपयांपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये परराज्यातले गोमांस बाळगण्यावरची बंदी आणि आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करण्याची अट ही कलमे रद्द केली. कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

आता याच बैलाचा दुसऱ्या बाजूने विचार करू. मालकाने त्याला चारा-पाणी दिले नाही, किंवा उपाशी मरेल अशा स्थितीत रस्त्यावर सोडून दिले, तर १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरवलेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तेव्हा पन्नास रुपयांत बरेच काही येत असेल. म्हणजे एकाच जनावराच्या बाबतीत सुरी चालवली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि झिजवून झिजवून मारले तर पन्नास रुपये. प्रश्न जनावराच्या दुःखाचा असता तर हा हिशेब असा झाला असता का?

कोरडवाहू शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा बैल घेणे, ही त्याची पिढ्यानपिढ्यांची रीत. तो बाजार बंद झाला. कुटार विकत घेऊन निकामी बैल पाच-सात वर्षे दावणीला पोसणे दोन-तीन एकरवाल्याला जमत नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळेतल्या देशी गायीसाठी दररोज ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी केला होता. मालक जनावराला पोसत नसेल तर शाफई आणि हंबली मतानुसार काझी त्याला तीन वाटा दाखवतो: पोस, विक, किंवा खाण्याजोगे असेल तर जबह कर. (हनफी मजहबात काझीला सक्ती करता येते की नाही यावर मतभेद आहे, अल्लाहपाशी तो गुनाह आहे, यावर नाही.) उपाशी ठेवणे ही चौथी वाट कुणीच मान्य केली नाही. आमच्या राज्याने बैलाच्या बाबतीत तिसरी वाट बंद केली, तिच्याबरोबर दुसरीही जवळजवळ बंद झाली, आणि पहिलीचा खर्च कुणी करायचा हे सांगितले नाही. उरली ती चौथीच.

अंमलबजावणीविषयी बोलायचे तर मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे भरू नयेत, हा १९७८ चा नियम योग्यच आहे. पण रस्त्यात गाडी अडवली जाते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ड्रायव्हरच्या नावाचा असतो. आत किती गुरे आहेत, त्यांनी पाणी केव्हा प्यायले, हे नंतर. अडवणाराही नेहमी सरकारी माणूस असतोच असे नाही. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी बांधवांनी याच जाचाला कंटाळून जनावरांची खरेदी बंद ठेवली. म्हशी आणि रेडे बंदीत नाहीत, तरी त्यांनाही गिऱ्हाईक राहिले नाही. झळ शेतकऱ्यालाच बसली.

या सगळ्याचा आपल्या समाजावर एक वाईट परिणाम झाला आहे आणि तो मला अधिक सलतो. जनावरावरची दया हा शब्दच आपल्याला विरोधकाचा वाटू लागला आहे. कुणी तो उच्चारला की आपण बचावाला उभे राहतो. वास्तविक मांजरीला उपाशी बांधून ठेवणारी बाई आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारी बाई, दोघींचे किस्से आपण मदरशातच ऐकलेले असतात. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, ही पैगंबर साहेबांची (स.) ताकीदही. तेराव्या शतकातल्या इझ्झुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे माणसावरचे हक मोजून लिहिले आहेत. त्यात एक असा की, म्हातारपणाने वा आजाराने ते निरुपयोगी झाले तरी त्याचा चारा-पाणी बंद करता येत नाही.

हे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो तेव्हा एक सहकारी चिडून म्हणाले, “मास्टरसाहेब, लोकांवर केसेस होत आहेत आणि तुम्हाला बकऱ्याच्या पाण्याची पडली आहे!” त्यांची चीड खोटी नाही. ज्याची गाडी जप्त झाली त्याच्या घरची चूल कशी पेटते, हे त्यांनी जवळून पाहिले आहे. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून बकऱ्याचा हक कमी होतो, असे कोणत्या किताबात लिहिले आहे? १९६० च्या कायद्यातले २८ वे कलम धर्माच्या रीतीने जनावर मारण्याला सूट देते. ती सूट मारण्यापुरती आहे. त्याआधीच्या हालांना नाही. शरीअतमध्येही नाही.

चांद्र वर्षामुळे बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२७ मध्ये ती मे महिन्याच्या मध्यावर येईल. बाजारातून आणलेले बकरे तेव्हा टेम्पोत पाय बांधून कोंबलेले असतील, किंवा ताडपत्रीही नसलेल्या गच्चीवर दोन-तीन दिवस आखूड दोरीला बांधलेले असतील. त्यांच्यासाठी बाजारात पाण्याचे टाके आणि सावलीचा मांडव घालायला कोणत्याही सरकारच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. जमातीने चार बांबू आणि एक टँकर आणला की झाले. जुम्म्याच्या खुतब्यात दोन मिनिटे त्यावर बोलले, तरी निम्म्या दोऱ्या हातभर लांब होतील.