श्रमदान कीं वेठ?

शेतापर्यंत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल असा रस्ता गांवकऱ्यांनीं मिळून करावा, हें बोलणें खेड्यापाड्यांत पुष्कळदां ऐकूं येतें, आणि तें योग्यच आहे. पनवेलजवळचें सुकापूर आतां इमारतींनीं वेढलें गेलें आहे. तरी भातशेतीच्या दिवसांत खाचरांच्या बांधांवरून चालणें म्हणजे काय, हें त्या बाजूच्या वडील मंडळींस सांगावयास नको. आवणाच्या मुठी, खताच्या पाट्या, कापणीचे भारे, सर्व कांहीं डोक्यावरून.

पाणंद बुजते ती शेजाऱ्यांच्या लोभानें. दोहों बाजूंचे मालक दरसाल वीतभर आंत सरकतात. याविषयीं कायदा आहे: 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याप्रमाणें वाटेंतील अडथळा काढवितां येतो, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमान्वयें तहसीलदार बांधावरून वाट देऊं शकतो. पण कायदा वाट मोकळी करतो, चिखल उपसून मुरूम टाकीत नाहीं. तें मनुष्याच्या हातांनींच व्हावें लागतें. कोणाच्या हातांनीं, हाच आमचा प्रश्न आहे.

ज्याची वीस एकर जमीन त्या रस्त्यावर येते त्याचा माल बाजारीं वेळेवर पोहोंचेल, जमिनीची किंमतहि वाढेल. ज्याचा एक गुंठाहि नाहीं तो मजूर त्या दिवशींची मजुरी गमावून कुदळ मारील. यास दान म्हणावें काय? आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजे-पणजांस हा प्रश्न नवा नव्हता. महार वतनाच्या नांवाखालीं गांवकीचीं व सरकारी कामें त्यांजकडून अल्पशा मोबदल्यांत रात्रंदिवस करून घेतलीं जात. डॉ. आंबेडकरांनीं 1874 च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्याचें बिल 1928 सालीं मुंबई कौन्सिलांत आणलें. तें वतन 1958 च्या कायद्यानें संपलें. राज्यघटनेच्या 23 व्या कलमानें वेठबिगारीस मनाई आहे. जिनिव्हाच्या 1930 च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांवच्या लहानसहान सामुदायिक कामांस सक्तीच्या श्रमांतून वगळलें, पण काम जरूर आहे कीं नाहीं हें बोलण्याचा हक्क गांवकऱ्यांस किंवा त्यांच्या प्रतिनिधींस असला पाहिजे, ही अट घालून.

मग भूमिहीनानें घरीं बसावें असें आम्ही म्हणतों काय? नाहीं. आजारी मूल त्याच्याहि घरीं असतें, आणि त्यास दवाखान्यांत नेण्याची वाट तीच. शिवाय एके ठिकाणीं घाम गाळल्यानें जो स्नेह जडतो तो सभांनीं जडत नाहीं. परंतु ज्यास उद्यां त्याच मालकाच्या शेतावर काम मागावयाचें आहे, त्याला “नाहीं” म्हणणें कठीण. आणि अशाच्या होकारावर गांवानें फुशारकी मारूं नये. महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा 1977 सालीं केला, त्यांत हातांच्या कामाला मजुरी हा हक्क ठरला. तो हक्क श्रमदानाच्या गोड नांवानें बुडूं नये.

आमच्या मतें ज्याची जमीन अधिक त्यानें मुरुमाचा व वाहनाचा खर्च अधिक सोसावा. रस्त्याची रुंदी दोन्ही बांधांतून सारखी घ्यावी, एकट्या गरिबाच्या पट्ट्यांतून नव्हे. आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यास त्या दिवसाची मजुरी द्यावी. ठरावाची सभा एकदां तरी खालच्या वाड्यांत भरवावी. मग कामाच्या पहिल्या दिवशीं कुदळ कोणाच्या हातीं आहे, मातीची पाटी कोणाच्या डोक्यावर आहे, आणि सावलींत उभें राहून हुकूम कोण सोडीत आहे, हें आपल्या वाचकांनीं जाऊन पाहावें.