नदीची आकृती, ओळीओळीनं

मन्याड बालाघाटच्या डोंगरांतून येते, लिंबोटीच्या धरणात अडते, पुढे आमच्या कंधार तालुक्यात बारूळला पुन्हा अडते, मग मांजरेला मिळते. मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत जाते. शाळेतल्या पोरांना हे समजवायचं तर आकृती हवीच. ती माउसनं चौकोन ओढत बसून काढण्यापेक्षा लिहून काढावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

‘लिंबोटी -> बारूळ’, खाली ‘बारूळ -> मांजरा’, त्याखाली ‘मांजरा -> गोदावरी’. भोवती महिरपी कंस आणि वर एक ठरलेला शब्द, एवढीच फाईल. क्रोकी ही मजकुरावरून आकृती काढून देणारी सेवा. टर्मिनलवर ‘क्रोकी कन्व्हर्ट’ म्हणून फाईलचं नाव दिलं की मजकूर क्रोकीच्या सर्व्हरवर जातो आणि आकृती परत येते. नेट अडखळत असलं तरी चार ओळी जातातच. क्रोकीची गो भाषेतली लायब्ररी वापरली तर हेच काम आपला प्रोग्राम करतो. चौकोन कुठं बसवायचा, बाण एकमेकांना कमीत कमी कसे छेदतील, हे क्रोकीमागचं ग्राफविझ नावाचं आकृती मांडणारं सॉफ्टवेअर बघतं. त्यामागे बेल लॅब्समधल्या चौघांनी १९९३ साली मांडलेली पद्धत आहे.

मराठी अक्षरांची मात्र काळजी घ्यावी लागते. आकृती पीएनजी स्वरूपात मागितली तर अक्षरं सर्व्हर रंगवतो. तिथं देवनागरी फाँट नसेल तर रिकामे चौकोन हाती येतात. एसव्हीजी स्वरूपात अक्षरं वाचणाऱ्याच्या संगणकावर उमटतात, म्हणून ती बरी. पण तिथंही चौकट किती रुंद हवी याचा अंदाज सर्व्हरचाच असतो, त्यामुळे लांब नाव कधी बाहेर डोकावतं.

तरीही मला ही रीत प्रिय आहे, कारण पाणी कुठून कुठं जातं हे ज्यांना खरं ठाऊक असतं, त्यांच्या हातात माउस नसतो. कालव्यावर हयात गेलेल्या माणसाला आकृती काढता येणार नाही. पण ओळ वाचून दाखवली तर तो लगेच सांगेल, ‘हे असं नाही, बाबा.’ ती एक ओळ बदलली की चित्र बदलतं.

आकृती क्रोकीची लिंक म्हणूनही पाठवता येते, पण त्या लिंकमध्ये सगळा मजकूर दाबून भरलेला असतो. म्हणून घरच्या वाटणीची, जमिनीच्या वादाची आकृती असल्या लिंकनं पाठवू नये; तसल्या कामाला क्रोकी आपल्याच संगणकावर चालवता येतं. नदीला कसलं गुपित? मुखेडच्या कुणा शिक्षकाला लिंक मिळाली तर क्रोकीच्या ‘डीकोड’ आज्ञेनं ते त्या ओळी परत मिळवतील, ‘लेंडी -> मांजरा’ ही राहिलेली ओळ भरतील आणि पुढे धाडतील.